गोधड्यांना ऊन दाखवलं का? : आश्विनातले घरगुती आनंद

माळ्यावरची ट्रंक

काल सकाळी चहा टाकायला ओट्याशी गेले, तर कुकरच्या झाकणावर उन्हाची एक तिरपी पट्टी. आमचं पुण्यातलं स्वयंपाकघर आग्नेयेला. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे कललेला, मग तीन-चार महिने नुसते ढग. त्यामुळे ही पट्टी वर्षातून आत्ता कुठे आत शिरते. ती दिसली की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. पितृपंधरवडा संपत आला, गोधड्या काढायच्या.

एक गोधडी आजीच्या दोन नऊवारींची आणि आजोबांच्या धोतराची आहे. पावसाळाभर माळ्यावर राहून तिला कुबट वास लागतो. गच्चीच्या कठड्यावर टाकली, बाराला उलटली, चारला काठीने झोडपली. झोडपताना एका कोपऱ्यातला धावदोरा सुटला आणि धोतराच्या आत आणखी एक कापड दिसलं, बारीक निळ्या फुलांचं. हे तिसरं कुणाचं? आईला फोन केला. म्हणाली, "अगं, तुझंच झबलं ते." इतकी वर्षं मी माझंच झबलं पांघरून झोपतेय आणि मला पत्ता नाही!

हा चर्चेचा धागा इथे काढायचं कारण वेगळंच. लेकीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शरद ऋतूचं चित्र म्हणजे लाल-पिवळ्या पानांचा सडा. ती विचारते, आपल्याकडे कधी येतो हा? आपल्याकडे झाडं आत्ताच न्हाऊनमाखून हिरवीगार उभी आहेत, पानगळ थेट शिशिरात. मग शरद आला हे आपल्याला कळतं कशावरून? मला वाटतं, आपला शरद झाडावर कमी आणि घरात जास्त दिसतो. तुमच्या घरात तो कुठून शिरतो? सणांची यादी नको, त्या आसपासचं बारीकसारीक लिहा.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

आमच्याकडे तो घामातून शिरतो. ऑक्टोबर हीट नावाचा प्रकार पुण्याच्या गच्चीवरून रम्य दिसत असेल. इकडे आभाळ मोकळं, जमीन अजून ओली, हवेत दमट वाफ आणि वारा जमिनीकडून. खाडीवरचा वारा दुपार टळल्याशिवाय येतच नाही. आनंद म्हणाल तर एकच, चार महिन्यांनी टॉवेल वाळतो.

माळ्यावरची ट्रंक

वाळलेला टॉवेल हा मोठाच आनंद आहे हो दादा. यादीत घेतला.

परसातला प्राजक्त

आमच्या दारात प्राजक्त आहे, म्हणून हे नाव घेतलं. फुलं श्रावणापासूनच येतात, पण पावसात ती चिखलात पडतात आणि उचलताना बोटाला माती लागते. आश्विनात अंगण कोरडं होतं. मी रात्रीच जुनं धोतर झाडाखाली पसरून ठेवतो. पहाटे पाचच्या सुमाराला कान दिला तर फूल पडल्याचा आवाज येतो, पट् असासुद्धा नाही, त्याहून हलका. बायको म्हणते तुम्हाला भास होतात. असतीलही.

फुलं वेचून झाल्यावर आई देठ बाजूला काढून सावलीत वाळवायची. ते पाण्यात उकळले की केशरी रंग सुटतो. त्यात तिने एकदा माझा पांढरा शर्ट बुडवला होता. शाळेत त्या दिवशी मला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडे भुलाबाई. पुण्याकडच्या लोकांना भोंडला सोडून दुसरं काही माहीतच नसते, म्हणून मुद्दाम लिहितो. भाद्रपद पौर्णिमेला बसते ते कोजागिरीला उठते, पुरा महिना. मातीचे भुलोजी-भुलाबाई, शेवटच्या दिवशी ज्वारीच्या धांड्यांचा मखर. गाणी झाली का खाऊ ओळखायचा. डबा कानाशी नेऊन हलवायचा. खडखड वाजला तर फुटाणे, धप्प वाजला तर लाडू, काहीच नाही वाजला तर शिरा. माझ्या बहिणी पटाईत होत्या. मी पोरगा म्हणून दाराबाहेर, पण खाऊ फोडायच्या टायमाला बरोबर हजर.

हत्ती पाटावरचा

दादा, आम्ही साताऱ्याकडचे. आमच्याकडे भोंडला नाही, हादगा. सूर्य हस्त नक्षत्रात गेला, म्हणजे साधारण २७ सप्टेंबरपासून, सोळा दिवस. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. खिरापत पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढत जायची. त्यामुळे शेवटच्या दिवसाचं यजमानपद घ्यायला आळीतली कुठलीच बाई तयार नसे. आमच्या घरी हमखास तोच दिवस यायचा, कारण आमची आई नाही म्हणू शकत नसे.

खिरापत ओळखू नये म्हणून लोक काय काय करत! आईने एकदा वाटली डाळ केली होती. सगळे तिखट-गोड, ओला-सुका, गोल-चपटा करून दमले. शेवटी एका बारक्या पोरीने आईच्या बोटाचा वास घेतला आणि ओरडली, "कैरी नाही, लिंबू पिळलंय!" आश्विनात कैरी कुठली, पण डाळ पकडली पोरीने.

लीड्सची मावशी

इथे इंग्लंडात पानगळीचा खराखुरा सडा आहे, माळ्यावरच्या ट्रंकेच्या लेकीला सांगा. दिसतो छान, पण पावसात भिजला की त्यावरून माणूस सणसणीत घसरतो. मीच घसरले आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघताना एकदम अंधार. त्या अंधारात दिवाळी येते हे एका अर्थी बरंच आहे. भोंडल्याला हत्ती व्हाइटबोर्डवर काढतो. गेल्या वर्षी तो पुसायचा राहिला आणि सोमवारी नवऱ्याच्या मीटिंगमध्ये त्याच्यामागे हत्ती.

पंखे कोण पुसतं

धागा वाचून छान वाटलं आणि थोडा रागही आला. गोधड्या माळ्यावरून कोण काढतं? जळमटं, पंखे, डब्यांखालचे कागद, चिंच लावून पितळेची भांडी? मग नऊ दिवस उपास-तापास, मग फराळ. माझ्या सासूबाई नवरात्रात उठता-बसता (म्हणजे घट बसतात आणि उठतात त्या दिवशी) उपास करत आणि सोळा माणसांचा स्वयंपाकही करत. त्यांना विचारलं असतं, शरदातला छोटा आनंद कोणता, तर त्या म्हणाल्या असत्या, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपारची झोप. आठवणींत सगळं गोडच दिसतं, कारण आठवणारे तेव्हा पाटावर बसलेले होते.

माळ्यावरची ट्रंक

अगदी मान्य. माझ्या पोस्टमध्ये काठीने झोडपणारी मीच होते, पण आजी घरात असताना मी फक्त उन्हात लोळायला जायचे, हेही खरं. आता आमच्याकडे पंखे लेक आणि तिचा बाबा पुसतात. वाईट पुसतात. मी मान वर करून बघत नाही.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

+१. मान वर न करणं हा सातवा छोटा आनंद.

लाल मातीतला

रत्नागिरीकडे शरद थेट दारावर टांगतात. भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं एकत्र बांधायचं. त्याला आम्ही 'नवं' म्हणतो. दाराला, देव्हाऱ्याला, विहिरीला, पूर्वी नांगरालाही. काही घरी दसऱ्याला, काही घरी नवान्न पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीलाच. वर्षभर ते तिथेच सुकत राहतं आणि चिमण्या लोंबीतले दाणे टिपून नेतात. जुनं उतरवून नवं बांधताना आजोबा जुन्याकडे एकदा नीट बघायचे. काही बोलायचे नाहीत. मला वाटतं, हिशेब करत असावेत, गेल्या वर्षी लोंबी केवढी होती त्याचा.

अवांतर: शेतावर भात पिवळं पडत असताना परतीचा पाऊस आला की घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. शहरातल्या मंडळींना तो रोमँटिक वाटतो.

घटातलं धान

परतीच्या पावसावरून आठवलं. २०२० मध्ये हवामान खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य राजस्थानातून माघारीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरत, ती आता १७ सप्टेंबरला, आणि मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबर. त्यात आपले सण चांद्र महिन्यांवर. अधिक महिना कुठे आला त्यावर ते तीन-चार आठवडे मागेपुढे होतात. २०२० मध्येच अधिक आश्विन आला होता, त्याआधी २००१ मध्ये. पितृपंधरवडा संपला आणि घटस्थापना महिनाभर लांब! आई रोज विचारायची, काही विसरलं तर नाही ना आपण? म्हणून काही वर्षी घट बसतात ते छत्री घेऊन, काही वर्षी स्वेटर शोधत.

आता माझं आवडतं. घटस्थापनेला परडीत शेतातली माती, त्यात सात धान्यं, मधे घट. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात ऊन नसतं, त्यामुळे कोंब हिरवे न होता पिवळे धमक, लांब, नाजूक वर येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती अशी फुगते, जणू खालून कुणी अंगठ्याने ढोसतंय. मी लहानपणी रोज पट्टीने मोजायचो आणि पाणी जास्त घालायचो, मग गहू कुजून वास यायचा. घटावर रोज एक माळ. आमच्या गावी कारळ्याच्या पिवळ्या फुलांची, पुण्यात आल्यापासून झेंडूची. दसऱ्याला ते धान उपटून वडील टोपीत खोवायचे, आणि एसटीत बसलेल्या निम्म्या माणसांच्या टोपीतून पिवळे तुरे डोकावत असायचे.

वऱ्हाडी ठेचा

एसटीतले तुरे! डोळ्यासमोर आलं भाऊ.

आपटा की कांचन

दसऱ्याचा विषय निघालाच आहे तर दरवर्षीची माझी पिपाणी वाजवून घेतो. तुम्ही 'सोनं' म्हणून आणता त्यातलं पुष्कळसं कांचन असतं. दोघांची पानं दुभंगलेली, म्हणून फसायला होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत आणि उंचीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. आणि आपटा सावकाश वाढणारं झाड, त्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून टेम्पोत भरतात. मी दोन वर्षांपासून एकच पान देतो, त्यावर पेनाने नाव लिहून. सोसायटीत चिक्कू म्हणून नाव पडलंय.

हत्ती पाटावरचा

आम्ही पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायचो. ओळीत १, मग उलटे १, मधे रेघ. आता मुलाकडे पाटी नाही. गेल्या वर्षी त्याने टॅबवर बोटाने सरस्वती काढली आणि टॅबलाच हळद-कुंकू. स्पीकरच्या भोकात कुंकू गेलं. अजून आवाज घोगरा येतो.

परसातला प्राजक्त

(दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी) 'पंखे कोण पुसतं' ताई, झोपलात का दुपारी?

पंखे कोण पुसतं

झोपले. अडीच तास. फोन सायलेंटवर ठेवून.

दुधावरची साय

कोजागिरी तोंडावर आली, तर एक भांडण मिटवा. मसाला दुधात जायफळ घालायचं की नाही? सासरी भरपूर किसतात, माहेरी चिमूटभर. माझं म्हणणं, जायफळाने झोप येते असं आपणच म्हणतो. मग जी रात्र जागायची, "को जागर्ति" विचारत लक्ष्मी फिरणार, नेमकी त्याच रात्री सगळ्या घराला जायफळ पाजायचं? आमचे सासरे पावणेबाराला खुर्चीत घोरत असतात. लक्ष्मी बघून जात असेल.

बाकी दूध कसं, तर जाड बुडाच्या पातेल्यात, बशी उपडी टाकून, मंद आचेवर, दोन लिटरचं दीड होईपर्यंत. वेलची, केशर, पिस्ते, चारोळी. चारोळी मात्र आधी एक तोंडात टाकून बघा. जुनी खवट असली की एकच दाणा पातेलंभर दुधाला पुरतो. हे मी अनुभवाने सांगतेय, तीस माणसांसमोर.

घटातलं धान

२०२३ च्या कोजागिरीला खंडग्रास चंद्रग्रहण होतं, मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दूध कधी आटवायचं, चंद्राला दाखवायचं की नाही, यावर दोनशे मेसेज. शेवटी निम्म्यांनी नऊलाच पिऊन टाकलं आणि उरलेले गच्चीवर दुर्बीण घेऊन. दूध दोन्हीकडे मिळालं मला.

लाल मातीतला

आमच्याकडे त्या रात्री नारळाचं पाणी आणि पोहे. दूध नंतर आलं, शहरातून सुट्टीला येणाऱ्यांबरोबर.

मोठ्या घरची धाकटी

कोजागिरीला घरातल्या मोठ्या मुलाला ओवाळायची पद्धत, आश्विनी म्हणतात तिला, कुणाकडे आहे का? आमच्याकडे दादाला दरवर्षी पाटावर बसवून ओवाळायचे, नवा शर्ट मिळायचा. मी धाकटी. मला काय? तर "तू दिवा धर." एकेचाळीस वर्षांची झाले, परवा दादा फोनवर म्हणाला, या वर्षी तू पाटावर बस, मी दिवा धरतो. गेले. बसले. आईने मला ओवाळलं आणि शर्ट दादालाच दिला. तिने आणून ठेवला होता ना.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

ट्रेनमध्ये फिस्सकन हसलो. शेजारचा बघतोय.

वैद्यबुवा नाही, हौशी

घाम, पित्त, डोकेदुखीवाल्यांसाठी: शरदाला सुभाषितकारांनी वैद्यांची आई म्हटलं आहे (वसंत हा बाप). पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदाच्या उन्हात उसळतं असं आयुर्वेद सांगतो. तिथेच हंसोदकाचं वर्णन आहे, म्हणजे दिवसा उन्हाने तापलेलं, रात्री चांदण्यात निवलेलं आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने शुद्ध झालेलं पाणी. मी माठ गच्चीवर ठेवून बघितला. पाणी गार होतं, चांगलं होतं, त्यात एक चतुर पडलेला होता.

हत्ती पाटावरचा

अनारश्यांचे तांदूळ भिजत घातलेत. धाग्यात कुणी जाणकार असेल तर या, कारण गेल्या वर्षी माझे सगळे हसले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अनारसा तुपात सोडला आणि त्याच्या चिंध्या होऊन तो कढईभर पसरला की 'हसला' म्हणतात. तो हसतो, आपण रडतो.

माळ्यावरची ट्रंक

मी आजीच्या हाताखाली शिकलेय, लिहिते. तांदूळ जुना घे. तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी किंचित आंबूस वास आला पाहिजे. मग निथळून पंच्यावर सावलीत पसर. पूर्ण वाळवू नकोस. मुठीत दाबला तर हाताला चिकटेल पण पाणी सुटणार नाही, एवढाच. दळून मैद्याच्या चाळणीने चाळ, वजनाला वजन किसलेला गूळ, चमचाभर तूप, घट्ट गोळा करून डब्यात पाच-सहा दिवस.

खरी गोम तळताना. खसखशीवर थापायचा, खसखस वरच्या बाजूला ठेवून तुपात सोडायचा आणि उलटायचा नाही. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडायला लागली की कडेने बारीक बुडबुडे येतात. त्या वेळी कुणाशी बोलायचं नाही, दाराची बेल वाजली तरी नाही. पहिला एक छोटा टाकून बघ. हसला तर गूळ जास्त झालाय, थोडी कोरडी तांदळाची पिठी मळ. दगड झाला तर पिकलेल्या केळ्याचा लहान तुकडा मळ. काढल्यावर चाळणीत उभे ठेव, तूप निथळतं.

माझ्या आजीचा हसला की ती म्हणायची, "हसू दे, त्याची पण दिवाळी आहे," आणि तो चुरा आम्हाला वाटीत द्यायची. म्हणून आम्ही पोरं देव्हाऱ्यासमोर अनारसे हसावेत म्हणून नमस्कार करायचो.

हत्ती पाटावरचा

ताई, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावलं.

आपटा की कांचन

किल्ल्याचं कुणीच लिहिलं नाही! विटा, दगड, वरून पोतं, त्यावर चिखलाचा काला. मोहरी आणि अळीव पेरायचे ते दिवाळीच्या आधी पाचेक दिवस, म्हणजे पहिल्या आंघोळीला गवत बरोबर बोटभर. आम्ही एका वर्षी उत्साहात पंधरा दिवस आधीच पेरलं आणि महाराज जंगलात दिसेनासे झाले. या वर्षी शेजारच्या दोन पोरांना माती आणून दिली. आता ती मला गड बांधू देत नाहीत, फक्त पाणी आणायला पाठवतात.

घटातलं धान

आणि आकाशकंदिलाची खळ. मैद्याची, थोडा मोरचूद घालून, नाहीतर झुरळं कंदील खातात. वडील कामट्या तासायचे. माझं काम दोऱ्याची गाठ बांधताना त्यावर बोट धरायचं. गाठीत बोट अडकलं की ते म्हणायचे, "काढ आता, की बोटासकट टांगू?"

माळ्यावरची ट्रंक

सगळ्यांनी फार सुरेख लिहिलंत, लेकीला रोज रात्री दोन-दोन पोस्टी वाचून दाखवतेय. तिने वहीत लिहिलंय, "आपल्याकडे पानं पडत नाहीत, डब्यातून आवाज येतो."

आज एक मजा झाली. सुटलेला टाका घालून गोधडी शेवटचं ऊन दाखवायला पुन्हा गच्चीवर टाकली आणि मी फराळाच्या भाजणीला बसले. तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक, प्रत्येक वेगळं भाजायचं, त्यामुळे गॅससमोरून हलता येत नाही. साडेतीनला आभाळ गडगडलं. हातात कढई, डाळ लालसर होत आलेली. डाळ सोडावी की गोधडी? डाळ सोडवेना.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

मग?

माळ्यावरची ट्रंक

भिजली. बादलीभर पाणी निघालं पिळून. झबल्याचा निळा रंग धोतराला लागलाय. भाजणी मात्र एक नंबर.

पंखे कोण पुसतं

ओल्या गोधडीला एकटीने हात लावू नका, कंबर धरते. दोघांनी दोन टोकं धरून पिळा. वाईट पिळतील, पण बोलवा त्यांना.